सावकाश जाणाऱ्यांची वाट



आपल्या युवक मंडळाची मुले-मुली येत्या काही महिन्यांत तीन रविवारी मिस्सानंतर सायकलींवरून पाटण परिसर पाहायला निघणार आहेत, ही सूचना गेल्या आठवड्यात वाचून दाखवली. तेव्हापासून आमच्याकडे तीन प्रकारची माणसे येऊन गेली. काहींनी विचारले, प्रभूचा दिवस भटकण्यासाठी आहे का? काहींनी आवाज जरा खाली आणून विचारले, ‘फादर, दातेगड काय, चाफळ काय, ही हिंदूंची ठिकाणे. आपल्या मुलांचे तिथे काय काम?’ आणि आयांनी विचारले, हायवेवरच्या डंपरचे काय? या तिघांत आयांचा प्रश्न सर्वांत शहाणपणाचा आहे. त्याची व्यवस्था शेवटी सांगतो.

पहिल्या प्रश्नाबद्दल थोडक्यात. इस्राएल लोक मिसर देशात गुलाम होते, तेव्हा त्यांना सुट्टीचा दिवस नव्हता. गुलामाला उसंत नसते. म्हणून तू गुलाम होतास याची आठवण ठेव आणि सातव्या दिवशी थांब, तुझ्या चाकराला आणि तुझ्या बैलालाही थांबू दे, अशी आज्ञा त्यांना झाली. ग्रीक भाषेत उसंतीला जो शब्द आहे, त्याच शब्दापासून पुढे इंग्रजीतला ‘स्कूल’ हा शब्द आला, ही गोष्ट सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला मोठी गमतीची वाटली होती. आजच्या शाळकरी मुलांना ती सांगितली तर ती हसतील, कारण शाळा, क्लास आणि पुन्हा क्लास यांत उसंत कोठे राहिली? पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात रविवारच्या विसाव्याबद्दल लिहिले आहे. त्यांच्या मते विसावा म्हणजे आळस नव्हे, तर आपल्या कामाला अर्थ देणारी गोष्ट आहे. दिवसभर टीव्हीपुढे किंवा मोबाइलमध्ये मान घालून बसणे हा मात्र विसावा नव्हे. त्यापेक्षा आम्ही सायकल पसंत करू.

सायकलच का, गाडी का नाही? गाडीने दातेगडाचा पायथा थोड्याच वेळात येतो, हे खरे आहे. पण अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग 1973 साली प्रसिद्ध झाला, तो ऐका. त्यांनी धर्मशिक्षण घेणारे 40 विद्यार्थी निवडले आणि त्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटेसे भाषण करायला सांगितले. त्यांतील निम्म्यांचा विषय होता चांगल्या शोमरोन्याचा दाखला! वाटेत एक माणूस दारात कण्हत, खोकत पडलेला होता. तो मुद्दाम बसवलेला होता. ज्यांना घाई नव्हती, त्यांच्यापैकी 63 टक्के मदतीला थांबले. थोडी घाई असलेल्यांपैकी 45 टक्के. आणि ‘उशीर झाला, लवकर जा’ असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यापैकी फक्त 10 टक्के. डोक्यात शोमरोन्याचा दाखला घोळत होता की दुसराच विषय, याने फारसा फरक पडला नाही. आम्ही धर्मगुरू मंडळींनी हे आकडे वाचून थोडे खाली पाहावे असे आहेत. यरीहोच्या वाटेवरचा तो याजक दुष्ट होता असे शुभवर्तमानात कोठेही म्हटलेले नाही. कदाचित तोही घाईत असेल.

पुनरुत्थित प्रभू अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांना भेटला, ते अंतर सुमारे 11 किलोमीटर होते. म्हणजे आपल्या उंब्रजहून चाफळला जाण्याइतके. एवढी वाट तो त्यांच्या पावलांनी चालला. त्यांचे रडगाणे त्याने आधी पूर्ण ऐकून घेतले, मग बोलायला सुरुवात केली. सायकल चालण्यापेक्षा वेगवान असली तरी रस्त्याकडेच्या माणसाने ‘ओ पावनं’ म्हणून हाक मारली तर ती ऐकू येते. पुण्याकडून महागड्या सायकली घेऊन, छातीवर आकडे लावून येणारे हौशी लोक आपण पाहतो. त्यांना आम्ही नावे ठेवत नाही, पण आपली मुले त्यांच्यासारखी घड्याळ लावून जाणार नाहीत.

आता दुसरा प्रश्न. त्यावर थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण तो विचारणारी माणसे भाविक आहेत.

युरोपात बेल्जियम नावाचा छोटा देश आहे. त्याच्या उत्तर भागाला फ्लँडर्स म्हणतात. सपाट जमीन, कालव्याच्या काठाने उंच झाडांच्या रांगा, विटांची शेतघरे आणि गावच्या तिठ्यावर पवित्र मरियेची लहान लहान देवळे. तिथे कुटुंबेच्या कुटुंबे सुट्टीत सायकली काढतात. 1995 साली तेथील लिम्बर्ग प्रांतात एक सोपी युक्ती सुरू झाली. जिथे दोन सायकलवाटा मिळतात, तिथे एक क्रमांक लावायचा. घरून निघताना चार-पाच क्रमांक चिठ्ठीवर लिहून घेतले की नकाशाशिवाय दिवसभर फिरता येते. युक्ती काढणारा मनुष्य खाणीत काम केलेला इंजिनियर होता. खाणीतल्या बोगद्यांना क्रमांक असतात, तेच त्याने शेतातल्या वाटांना दिले. त्यामुळे लोक आडवाटेची चॅपेले, जुन्या पवनचक्क्या, गावच्या घंटा पाहू लागले.

याच फ्लँडर्समधील रामस्कापेल गावी 1909 साली फादर कामिल बुल्के यांचा जन्म झाला. त्यांच्या तरुणपणी तिथे फ्रेंच भाषेचा तोरा होता आणि घरात फ्लेमिश बोलणाऱ्यांना कमी लेखले जाई. विद्यार्थिदशेत बुल्के आपल्या भाषेच्या मानासाठी झगडले. 1935 साली येशूसंघीय म्हणून ते भारतात आले, तर इथेही तेच दिसले. शिकलेली माणसे आपल्या भाषेला लाजत होती. त्यांनी हिंदी आणि संस्कृतचा ध्यास घेतला. अलाहाबाद विद्यापीठात रामकथेवर प्रबंध लिहिला आणि तो हिंदीतच लिहीन असा आग्रह धरला. ‘रामकथा’ हा त्यांचा ग्रंथ 1950 साली निघाला, इंग्रजी-हिंदी शब्दकोश 1968 साली आला आणि 1974 साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. 1982 साली त्यांचे निधन झाले. रामकथेचा एवढा मोठा अभ्यास करूनही त्यांचे मिस्साबलिदान एक दिवस चुकले नसेल, असे आम्ही समजतो. मग समर्थ रामदासांनी 1648च्या सुमारास चाफळला राममंदिर उभारले, त्याच्या अंगणात आपली मुले चप्पल काढून तासभर उभी राहिली तर त्यांची श्रद्धा वितळून जाईल काय? तशी ती वितळत असेल, तर दोष चाफळचा नव्हे, आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाचा आहे.

व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी इतर धर्मांविषयी जो जाहीरनामा काढला, त्याचा आशयच असा आहे की त्यांच्यामध्ये जे सत्य आणि पवित्र आहे, ते ख्रिस्तसभा नाकारत नाही. आदराने पाहणे वेगळे आणि पूजा करणे वेगळे. हा फरक आपल्या मुलांना कळतो. आम्हांला वाटते, तो त्यांना मोठ्यांपेक्षा अधिक कळतो.

शिवाय ‘हिंदूंची ठिकाणे’ असे म्हणून आपण स्वतःला कोठे ठेवतो? दातेगडावर कातळात कोरलेले मारुती आणि गणपती आहेत. वर एक विहीर आहे, लोक तिला तलवारीच्या आकाराची म्हणतात, आणि पाण्यापर्यंत उतरायला खडकातल्याच पायऱ्या. ती छिन्नी चालवणारे हात कोणाचे होते? याच खोऱ्यातल्या पाथरवटांचे. आपल्यापैकी पुष्कळांचे पणजोबा याच मातीत राबले. बाप्तिस्मा घेतल्याने कोणाचे पणजोबा बदलत नाहीत.

गावोगावच्या देवळांबाहेर उभे असलेले वीरगळ मुलांना मुद्दाम दाखवायचे आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाला लढाई, पुष्कळदा गाईंचा कळप चोरांपासून सोडवताना झालेली. मधल्या चौकटीत पडलेल्या वीराला अप्सरा वर नेत आहेत. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. आणि चंद्रसूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याची आठवण राहो. महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी या दगडांवर आज धुणे धुतात. गावासाठी जीव दिलेल्या एका अनाम माणसापुढे ख्रिस्ती मुलाने क्षणभर थांबावे, यात आम्हांला काही वावगे वाटत नाही. मित्रांसाठी जीव देण्यापेक्षा मोठे प्रेम नाही, हे आपल्याला कोणी शिकवले?

तिसरा रविवार कोयनेच्या वाटेचा आहे. तो रस्ता पाहून ठेवावा म्हणून मागच्या महिन्यात आम्ही सहा जण पाटणहून नदी धरून कोयनानगरपर्यंत जाऊन आलो. मोटारीने जाणारे लोक नेहरू उद्यानात फोटो काढून परततात. आम्हांला चढाने दमवले, म्हणून चहाला थांबलो. शेजारी बसलेल्या आजोबांनी सायकली न्याहाळल्या आणि कुठले, कुठे, अशी चौकशी केली. आमच्यातल्या एका मुलीने उलट विचारले, ‘आजोबा, तुमचं गाव कुठलं?’ त्यांनी कप खाली ठेवून हात नुसता पश्चिमेला केला. ‘त्ये काय, पाण्याखाली. मी तवा दुसरीत हुतो.’

मुलांनी आपण होऊन चहाचे आणखी दोन कप मागवले. तास गेला. धरण 103 मीटर उंच आहे, त्यात सुमारे 105 टीएमसी पाणी मावते, हे मुलांनी पुस्तकात वाचले होते. त्या पाण्याखाली कोणाची ओसरी आहे, हे पुस्तकात नव्हते. खोऱ्यातील माणसे रायगड, ठाणे, सांगली, सोलापूरकडे विखुरली. महाराष्ट्राचा पुनर्वसन कायदा 1976 साली आला, म्हणजे धरण भरून बारा-तेरा वर्षे झाल्यावर. मध्यंतरी 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी भूकंप झाला, पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, कोयनानगर जमीनदोस्त झाले. 2018 साली प्रकल्पग्रस्त कोयनानगरला पुन्हा ठिय्या देऊन बसले होते. पन्नास-साठ वर्षांनंतर त्यांचे नातू जमिनीचा सातबारा मागत होते. आपल्या चर्चमधील दिवे ज्या विजेवर लागतात, तिच्यात त्यांचा वाटा आहे.

फ्लँडर्समधूनच आलेले आणखी एक धर्मगुरू, फादर कॉन्स्टंट लीव्हन्स, 1885 साली छोटानागपूरमध्ये पोचले, तेव्हा मुंडा आणि उरांव लोकांच्या जमिनी जमीनदारांच्या घशात जात होत्या. लीव्हन्स शेतकऱ्याचे पोर. त्यांनी उपदेशाआधी जमिनीचे कायदे शिकून घेतले आणि लोकांबरोबर कोर्टाची पायरी चढले. क्षयाने खंगून 1893 साली, वयाच्या 37व्या वर्षी ते वारले. ते घोड्यावरून फिरत, आपली मुले सायकलवरून फिरतील. आपल्या मुलांमध्ये कोणी वकील होईल, कोणी तलाठी, कोणी मंत्रालयात कारकून. तेव्हा टेबलावर येणाऱ्या कागदामागचा माणूस त्यांना दिसावा, एवढी आमची इच्छा आहे. त्या दिवशी परतताना नेहमी बडबड करणारा आमचा कंपू पाटण येईपर्यंत फारसा बोलला नाही.

आता डंपरची गोष्ट. हायवेचा टप्पा टाळता येत नाही, म्हणून पहिली मिस्सा सकाळी 6 वाजता ठेवली आहे. 7 वाजता निघायचे, एका ओळीत, पुढे-मागे मोठे माणूस. दुपारी 12 नंतर कोणीही हायवेवर नसेल. दातेगडाला टोळेवाडीपासून पुढे सायकली ठेवून पायी चढायचे आहे, विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, तेव्हा साध्या चपला चालणार नाहीत. भाकरी घरून आणावी. ज्यांच्याकडे जादा सायकल पडून आहे, त्यांनी ती शनिवारपर्यंत फादरांच्या बंगल्यावर आणून द्यावी, पंक्चर आम्ही काढून घेऊ. ज्या पालकांना अजूनही शंका आहे, त्यांच्यासाठी एक सायकल राखून ठेवली आहे. तिचे सीट थोडे कडक आहे.