लाल गोळी

धुंदलवाडीच्या अंगाला एक वारली पाडा होता. तिथल्या उपकेंद्रात एक नर्सबाई होती. सकाळी लसींचा डबा आणि रजिस्टर घेऊन निघायची, पाडे पालथे घालायची, अंधार पडता परतायची. तिचं स्वतःचं लेकरू डहाणूला तिच्या आईजवळ वाढत होतं.

गरोदर बायकांना ती रक्तवाढीच्या लाल गोळ्या द्यायची. रोज एक, १८० दिवस. बायका मुकाट घ्यायच्या. तरी तपासणीत रक्त होतं तेवढंच. एकदा एका घराच्या कुडात खोचलेली पाकिटं तिला दिसली, भरलेलीच. ती खूप रागावली. पुढच्या वेळी त्या घरची सून तिला लांबून बघून शेतात निघून गेली.

नोव्हेंबर २०१८ मध्ये जमीन हलायला लागली. धक्के थांबेचनात. घरांना तडे गेले. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. ऐन थंडीत माणसं लेकराबाळांसह तंबूत झोपू लागली. नर्सबाईला डहाणूला जाता आलं असतं. पण पाड्यावर दोघींचे दिवस भरत आले होते. तिनं बायकांच्या शेजारी गोधडी अंथरली.

शेकोटीभोवती कुणालाच झोप नसे. तिथं नर्सबाईनं काही विचारलं नाही, नुसतं ऐकलं. म्हातारी सुईण बोलू लागली. गोळीनं मूल पोटात मोठं होतं, मग बाई अडते. शी काळी होते, म्हणजे आत काही जळतं. आणि ती सून हळूच म्हणाली, सकाळी कोऱ्या चहाबरोबर घेतली की उलटी होते, प्यालेली पेज पडते. घरात पेज तेवढीच असते.

नर्सबाईला वेळ लागला बोलायला. मग म्हणाली, रात्री जेवल्यावर घे, चहा लांब ठेव. काळा रंग गोळीतल्या लोहाचा. आणि सुईणीकडे वळून तिनं विचारलं, "आजी, तू एवढी बाळंतपणं केलीस. रक्त जाऊन किती गेल्या गं?"

म्हातारीनं एकेकीचं नाव घेतलं. बराच वेळ घेत राहिली. मग पाकीट मागून तिनं स्वतःच्या हातानं गोळी काढून सुनेच्या तळहातावर ठेवली.

काही दिवसांनी रात्री सुनेला कळा आल्या. सुईणीनं पोट चाचपलं आणि ती म्हणाली, "बाय, मूल आडवं आहे. गाडी बोलाव." १०८ ची गाडी आली. सुईण आणि नर्सबाई सुनेच्या दोन बाजूंना बसून कासाच्या रुग्णालयात गेल्या. पहाटे मुलगी झाली. आई सुखरूप राहिली.

नर्सच्या रजिस्टरात वाटलेल्या गोळ्यांचा रकाना असतो. गोळी पोटात का जात नाही, याचा नसतो. ते कळायला माणसांत बसावं लागतं, तेही थकून आल्यावर, स्वतःचं लेकरू लांब असताना. या कामाची दमछाक तीच आणि कमाईही तीच.

पुढच्या लसीकरणाला सुईणच बायकांना गोळा करून घेऊन आली. "या दोघींच्या गोळ्या संपल्यात," ती म्हणाली, "नव्या दे."