लग्न, कायदा आणि आपल्या शेजारचे आनंदवन



आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मिस्सा संपल्यावर एक वयस्कर जोडपे व्हरांड्यात आमची वाट पाहत थांबले होते. हे कुटुंब आपल्या धर्मग्रामातले नाही, तेव्हा कोण असतील याचा शोध घेत बसू नये. त्यांना विचारूनच हे लिहीत आहोत. काकांनी बराच वेळ कापसाच्या भावाच्या गोष्टी केल्या. मग म्हणाले, "फादर, पोरगं नाताळाले घरी येतो म्हनते. पन एकटा नाही येत. संग त्याचा दोस्त येते." थोडे थांबून पुढे म्हणाले, "दोस्त म्हंजे... तुमाले समजलं ना? पुन्यात दोघं एकाच घरात रायतेत. सा वर्सं झाले. मी लोकायले काय सांगू?" आणि लगेच दुसरा प्रश्न : "सरकार अशा लग्नाले मान्यता देनार हाय का? अन् देली तं आपल्या चर्चात लावा लागन का?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे म्हणून ते आधी देतो. चर्चमध्ये लावावे लागणार नाही. सर्वोच्च न्यायालयात २०२३ साली जो खटला चालला, त्यात कोणी चर्चमधले लग्न मागितलेच नव्हते. मागणी होती ती १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे रजिस्ट्रारच्या कचेरीत होणाऱ्या लग्नाची. धर्माधर्मांच्या विवाह कायद्यांत आपण शिरणार नाही, हे न्यायालयाने सुनावणीच्या सुरुवातीलाच स्पष्ट केले होते. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल लागला. विवाह हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही आणि असा कायदा करायचा की नाही हे संसदेने ठरवावे, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. मतभेद झाला तो पुढे. अशा दोघांच्या सहजीवनाला काही कायदेशीर दर्जा मिळावा, असे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल यांचे मत होते. उरलेल्या तिघांना ते मान्य झाले नाही. फेरविचाराचे अर्जही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले. अशा संबंधांना गुन्हा ठरवणारे ३७७ कलम मात्र त्याआधीच, ६ सप्टेंबर २०१८ रोजी, सज्ञान व्यक्तींच्या खाजगी जीवनापुरते रद्द झाले होते. थोडक्यात, आज आपल्या देशात असे दोघे गुन्हेगार नाहीत आणि नवराबायकोही नाहीत. कायद्याच्या नजरेत ते एकमेकांचे कोणीच नाहीत.

हे सारे दिल्लीचे आणि मुंबईचे, आपल्याकडे कशाला, असे कोणी म्हणेल. पण २०१७ च्या डिसेंबरअखेरीस यवतमाळला, आणि २०२१ च्या अखेरीस नागपूरला असे समारंभ झाल्याचे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. वरोऱ्याहून दोन्ही गावे काही तासांच्या अंतरावर आहेत. जे एसटीने येते ते आपल्या दारातही उतरणारच.

ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे ती आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. विवाहसंस्कार एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यात होतो, तो मरेपर्यंतचा असतो आणि नव्या जिवासाठी खुला असतो. समलिंगी शरीरसंबंध नैतिक दृष्टीने योग्य नाहीत, असेही धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. त्याच ग्रंथाच्या त्याच पानावर अशा व्यक्तींना आदराने, सहानुभूतीने आणि हळुवारपणे वागवा, त्यांच्याशी अन्यायाचा भेदभाव करू नका, असेही सांगितले आहे. आमचा अनुभव असा की पहिले वाक्य सर्वांच्या लक्षात राहते. दुसरे आहे हे धर्मशिक्षण देणाऱ्या मंडळींनाही कधी कधी दाखवून द्यावे लागते. पोप फ्रान्सिस यांनी २०२३ च्या जानेवारीत समलिंगी असणे हा गुन्हा नाही असे सांगितले आणि पाप व गुन्हा यांत फरक करायला शिकवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये व्हॅटिकनने अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद देण्याची मुभा दिली; मात्र तो विधीचा भाग नसावा आणि लग्नासारखा दिसू नये, ही अट घातली. पोप लिओ चौदावे यांनीही २०२५ च्या मे महिन्यात कुटुंबाचा पाया स्त्री-पुरुषांच्या स्थिर नात्यावर असल्याचे पुन्हा सांगितले.

पाप आणि गुन्हा यांतला फरक नवा नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी विचारले होते की मानवी कायद्याने सर्वच दुर्गुणांना बंदी घालावी काय? त्यांचे उत्तर नकारार्थी होते. कायदा सद्गुणात कच्च्या असलेल्या बहुसंख्य माणसांसाठी असतो. त्याने मुख्यतः खून-चोरीसारखी, दुसऱ्याला इजा करणारी कृत्ये रोखावीत, असे ते म्हणाले. आपणही रोज असेच वागतो. घटस्फोटानंतरचे दुसरे लग्न ख्रिस्तसभा मानत नाही. तरी ख्रिस्ती लोकांसाठी सरकारचा घटस्फोटाचा कायदा १८६९ पासून आहे आणि तो रद्द करा म्हणून आपण कधी मोर्चा काढलेला नाही. उलट त्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरत होते, बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. हा अन्याय २००१ साली दूर झाला तेव्हा आपल्याला बरेच वाटले. कायदा आपल्या संस्काराला धरून नव्हता, तरी त्यातला अन्याय आपल्याला दिसला.

येथे एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो आम्ही झटकून टाकू इच्छित नाही. बंदी न घालणे वेगळे आणि मान्यता देणे वेगळे. कायदा नुसता रोखत नाही, तो शिकवतोही. याच कारणाने व्हॅटिकनने २००३ साली कॅथलिक लोकप्रतिनिधींना अशा मान्यतेला विरोध करावयास सांगितले होते. 'विवाह' हा शब्द सैल झाला तर पुढच्या पिढीला त्याचा अर्थ कसा सांगणार, ही काळजी खोटी नाही. पण ती मांडताना आपण सोपा युक्तिवाद करतो की त्यांना मुले होणार नाहीत, म्हणून ते लग्न नव्हे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हाच युक्तिवाद आम्ही परीक्षेच्या पेपरात लिहिला आणि गुण मिळवले. नंतर साठी उलटलेल्या एका विधुराचे आणि विधवेचे लग्न आम्हीच लावले, तेव्हा तो पेपर आठवला. वंध्यत्वामुळे विवाह अवैध होत नाही, असे ख्रिस्तसभेचा कायदाच सांगतो. तेव्हा आपले म्हणणे स्त्री-पुरुषांच्या परस्परपूरक रचनेवर उभे आहे, मुलांच्या संख्येवर नाही, आणि ते तसेच मांडले पाहिजे. ते सर्वांना पटेलच असे नाही, हेही मान्य करावे.

आता आनंदवनाकडे येऊ. आपल्या गावाचे नाव जगात ज्यामुळे माहीत आहे ती जागा आपल्या घरांपासून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून तिचा विचार करायचा राहून जातो. बाबा आमटे आणि साधनाताईंनी ओसाड जमिनीवर ते वसवले, तेव्हा कुष्ठरुग्णाला गाव नव्हते आणि घरही नव्हते. तेथे बरे झालेल्या रुग्णांची लग्ने लागली, संसार उभे राहिले. बाहेरच्या कायद्याला मात्र ते कळायला फार वेळ लागला. औषधांनी हा रोग पूर्ण बरा होतो हे १९८० च्या दशकापासून सर्वांना ठाऊक होते, तरी जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागण्याची तरतूद आपल्या विवाह कायद्यांत, ख्रिस्ती कायद्यातही, २०१९ पर्यंत राहिली. बाबा २००८ साली गेले. त्यांना हा बदल पाहायला मिळाला नाही.

गैरसमज नको. समलिंगी असणे हा रोग आहे असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे चुकीचे होईल आणि क्रूरही. तुलना रोग्यांची नाही, आपली आहे. बाराव्या शतकात युरोपभर कुष्ठरुग्णांना गावाबाहेर काढत होते आणि काही ठिकाणी चर्चनेच त्यासाठी विधी केले. त्याच काळात पोप अलेक्झांडर तिसरे यांनी निर्णय दिला की कुष्ठरोगाने लग्न मोडत नाही आणि कुष्ठरुग्णाला लग्न करता येते. समाजाला किळस वाटते, एवढ्यावरून कोणाचे नाते पुसले जात नाही, हे ख्रिस्तसभेने साडेआठशे वर्षांपूर्वी ओळखले होते. समलिंगी विवाह मान्य करावा, असे यातून निघत नाही. त्या निर्णयातही विवाह स्त्री-पुरुषांचाच होता. पण किळस आणि नीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या मनात पहिली दुसरीचे कपडे घालून बसलेली असते, एवढे तपासून पाहायला हवे.

ही तपासणी कागदपत्रांपासून सुरू करावी. एकाला अपघात झाला तर दवाखान्यात सही कोण करणार? मृत्युपत्र नसेल तर दोघांनी मिळून घेतलेले घर कोणाचे? निवृत्तिवेतन कोणाला? २०२४ साली केंद्र सरकारने काही गोष्टी मोकळ्या केल्या. अशा दोघांना एका शिधापत्रिकेवर येता येईल, बँकेत संयुक्त खाते उघडता येईल, जवळचा नातेवाईक नसल्यास मृतदेह ताब्यात घेता येईल. ही परिपत्रके आहेत. एका सहीने आली, एका सहीने जाऊ शकतात. आमचे मत विचाराल तर लग्न हे नाव राखून ठेवावे असे आम्हाला वाटते, आणि या गोष्टी पक्क्या कायद्याने मिळाव्यात असेही वाटते. एखाद्याच्या उशाशी सहा वर्षे असलेल्या माणसाला शेवटच्या रात्री अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसवून विवाहसंस्काराचे कोणते रक्षण होते, ते आम्हाला अजून उमगलेले नाही. चर्चमधले आमचे काही बांधव हे दोन्ही भाग वेगळे करता येत नाहीत असे म्हणतात. त्यांच्याशी आमचा वाद चालू आहे.

एका बाबतीत मात्र वाद नाही. अशा मुलाचे घाईघाईने एखाद्या मुलीशी लग्न लावून द्यायचे, "लगन झालं का सुधरते" म्हणायचे, हा उपाय आपल्या भागात नातेवाईक सर्रास सुचवतात. मुलीला काही सांगत नाहीत. ती वर्षभर स्वतःतच खोट शोधत राहते. मग माहेर म्हणते, जुळवून घे. ज्याला पतिधर्म स्वीकारताच येत नाही त्याची वेदीसमोरची संमती ही संमतीच ठरते का, याची चौकशी ख्रिस्तसभेचे न्यायासन करते. पण तोवर एका निष्पाप मुलीचे आयुष्य खर्ची पडलेले असते. विवाहसंस्काराचा यापेक्षा मोठा अपमान आम्हाला माहीत नाही. आमच्या कानावर अशी गोष्ट आली तर आम्ही ते लग्न लावणार नाही, मग पत्रिका छापून झालेल्या असोत की मांडव पडलेला असो.

काकांनाही कोणीतरी हेच सुचवले होते. मुलगी पाहूनही झाली होती. आम्ही त्यांना सांगितले की त्या मुलीच्या बापाला आधी नकार कळवा. मुलाला यायला सांगा, दोघांनाही. लोकांनी विचारले तर हा माझा मुलगा आणि हा त्याच्यासोबत राहणारा, एवढे सांगा, त्यापुढे कोणाला हिशेब देण्याची गरज नाही. मध्यरात्रीच्या मिस्सेला चौघेही या. ख्रिस्तप्रसाद कोणी घ्यावा हे चारचौघांत ठरवायचे नसते, त्याबद्दल मुलाला वाटले तर तो एकटा येऊन आमच्याशी बोलेल.

काका बराच वेळ खाली पाहत होते. काकू तोपर्यंत एक शब्द बोलल्या नव्हत्या. पायऱ्या उतरता उतरता त्या मागे वळल्या आणि म्हणाल्या, "फादर, थो दुसरा पोरगा मटन खाते का, कोनाले मालूम?"