थराराची मोजपट्टी

पुरुषाला थराराची ओढ अधिक आणि बाई जात्याच सावध, असे म्हणणाऱ्यांच्या हाताशी पुरावा आहे, हे आधी मान्य करू. मार्व्हिन झुकरमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने साठच्या दशकात उत्तेजनेची ओढ मोजणारी प्रश्नावली तयार केली. १९७८ च्या रूढ आवृत्तीत पुरुषांचे सरासरी गुण जास्त येतात. पण ही बेरीज चार खात्यांची आहे, आणि प्रवासाबद्दल बोलायचे तर खातीच उघडून पाहायला हवीत. साहसाच्या खात्यात गिर्यारोहण, स्कूबा, पॅराशूट. नव्या अनुभवांच्या खात्यात अनोळखी शहरात वाट चुकण्याची पर्वा न करता एकट्याने भटकणे, मार्ग न ठरवता निघणे. उरलेली दोन बेबंदपणाची आणि कंटाळ्याची. सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये तोवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा शेवटच्या दोन खात्यांत स्त्री-पुरुषांतले अंतर कायम दिसले, साहसातले घटत गेलेले दिसले, आणि नव्या अनुभवांच्या खात्यात ते मुळातच नव्हते. भटकंती जमा होते ती याच खात्यात.

साहसातले अंतर घटले ते बायका अचानक धीट झाल्या म्हणून नव्हे. पुरुषांचे गुण उतरले म्हणून. (प्रगतीच्या उत्सवात हे सांगणे जरा अडचणीचे आहे.) कदाचित शारीरिक तंदुरुस्ती घटली असेल, कदाचित स्कीइंगसारख्या गोष्टींतला थरारच ओसरला असेल, असे संशोधकांचे तर्क आहेत. कारण काहीही असो, तीन-साडेतीन दशकांत पुरुषाची गुणसूत्रे बदलत नाहीत. टेस्टोस्टेरॉनचा वाटा शून्य आहे, असे मी म्हणत नाही. पण ज्या अंतराला निसर्गाचा नियम म्हटले जाते, ते परिस्थितीबरोबर हलते एवढे यातून दिसते.

मुळात थरार वेगळा आणि अनुभव वेगळा ही विभागणीच अशा प्रवाशाला धरून केलेली आहे, ज्याला रस्त्याची भीती नाही. झिपलाइनवर पट्टे असतात, हेल्मेट असते, प्रशिक्षक असतो. रात्री परक्या गावी बसमधून उतरून एकटीने मुक्काम शोधणाऱ्या बाईपाशी यातले काहीच नसते, तरी तिच्या त्या चालण्याला साहसाचा एकही गुण मिळत नाही. विपरीत काही घडण्याची शक्यता स्त्रियांना जास्त वाटते, असे २००६ च्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले. त्याला भित्रेपणा म्हणणे सोपे आहे. निदान प्रवासात तरी तो बऱ्याचदा अचूक हिशेब असतो.

मग शिखरे सर करणाऱ्यांच्या याद्या पुरुषांच्याच नावांनी का भरलेल्या, असा आक्षेप येईल. याद्यांत ओढीबरोबर पैसा, सवड आणि परवानगीही नोंदलेली असते. १९७५ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचलेली पहिली स्त्री जुंको ताबेई. मोहिमेसाठी पैसा उभारताना तिला मुले सांभाळा असे सांगण्यात आले होते. १९९५ मध्ये गिर्यारोहक ॲलिसन हारग्रीव्हज के-टू शिखरावर मरण पावली, तेव्हा दोन मुलांच्या आईने तिथे जावेच कशाला, यावर ब्रिटिश वृत्तपत्रांत वाद रंगला. गिर्यारोहक बापांच्या वाट्याला तो प्रश्न क्वचित येतो. आपल्याकडेही गडाचा कडा उतरणारी हिरकणी लोककथेत अमर झाली ती तान्ह्या बाळासाठी उतरली म्हणून. केवळ हौसेने उतरली असती तर बुरुजाला तिचे नाव मिळाले असते का, शंकाच आहे. पॅराशूटची उडी घ्याल का, या प्रश्नाला बाई ‘नाही’ म्हणते, तेव्हा त्या उत्तरात तिची नावड किती आणि उडीनंतर होणारी ही झडती किती, हे वेगळे काढण्याची सोय झुकरमनच्या प्रश्नावलीत नाही.