झाकणाची तीन कामं

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ब्रॉडहेड नावाचं एक छोटं गाव आहे. गावाबाहेर गवताच्या धावपट्ट्या आहेत. दर उन्हाळ्यात तिथे लाकडी सांगाड्याची, कापडाने मढवलेली, उघड्या बैठकीची विमानं उतरतात. त्यांतल्या पुष्कळांचा घाट एकच असतो, पीटनपोल एअर कॅम्परचा. शेजारच्या मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह या खेड्यात बर्नार्ड पीटनपोल या माणसाने 1929 च्या सुमारास फोर्ड मॉडेल ए मोटारीचं इंजिन बसवून हे विमान उडवलं. 1932 मध्ये त्याचे नकाशे छापून आले आणि हौशी माणसं आपापल्या शेडमध्ये ते बांधू लागली. अजूनही बांधतात.

अशाच एका हौशी सुताराने असं एक विमान बांधलं होतं. पेट्रोलची टाकी इंजिनाच्या मागे, पुढच्या बैठकीच्या पुढे, उंचावर बसवलेली. तिथून पेट्रोल आपल्या वजनानेच खाली कार्ब्युरेटरपर्यंत उतरायचं. पंप नव्हता, त्यामुळे पंप बिघडण्याची भीतीही नव्हती.

टाकीला पितळी झाकण होतं. झाकणाच्या मधून एक तार वर आलेली. तारेच्या खालच्या टोकाला बूच होतं आणि ते पेट्रोलवर तरंगायचं. तार जितकी वर दिसेल तितकं पेट्रोल शिल्लक. झाकणाच्या कडेला बोटाच्या पेराएवढी एक वाकडी नळी होती, तिचं तोंड विमानाच्या नाकाकडे वळवलेलं. तिच्याकडे कधी कुणाचं लक्ष जात नसे.

सुताराचा पुतण्या विमानदुरुस्तीचं शिक्षण घेऊन, परवाना मिळवून आला. हात स्वच्छ, डोकं तल्लख. घरी बांधलेल्या विमानाचीही दर बारा महिन्यांनी तपासणी करावी लागते, तसा तिकडचा नियम आहे. काका त्याला म्हणाला, "यंदाची तपासणी तू कर. टाकी जुनी झाली आहे. तिचं काय करायचं तेही तूच ठरव."

पुतण्याने पहिल्याच दिवशी टाकीच्या तळाची तोटी उघडून काचेच्या पेल्यात नमुना घेतला. पेल्यातलं सगळं नितळ दिसत होतं. कच्च्या माणसाने "इंधन किती स्वच्छ आहे!" म्हणून ते ओतून दिलं असतं. पण विमानाचं 100 एलएल पेट्रोल निळसर असतं, ओळख पटावी म्हणून त्यात मुद्दाम तसा रंग घातलेला असतो. पेल्यात निळेपणाचा लवलेश नव्हता. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी जाऊन बसतं आणि तोटीतून आधी तेच येतं. पेल्यात होतं ते सगळं पाणीच होतं.

"काका, आठवड्यापूर्वी विमान पावसात उभं होतं ना?"

"रात्रभर होतं."

पुतण्याने झाकण उलटं करून पाहिलं. खालचं बुचाचं गॅस्केट सुकून कडक झालं होतं आणि एका जागी चिरलं होतं. पाणी तिथूनच शिरलं होतं.

मग त्याने काम हातात घेतलं आणि मनापासून केलं. टाकी रिकामी केली, आतली वाफ पूर्ण जाऊ दिली, मगच ती खाली उतरवली. सांध्यावरचं जुनं सीलंट खरवडून पेट्रोलला टिकणारं नवं भरलं. तडे गेलेली रबरी नळी बदलली. तळाची गाळणी धुऊन परत बसवली. टाकीत हवा भरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं आणि बुडबुडा कुठे येतो ते पाहिलं. कुठेच आला नाही.

राहिलं झाकण. नुसतं गॅस्केट बदलून भागलं असतं. पण पुतण्याला वाटलं, सगळी टाकी नव्यासारखी केली आणि वर हे काळवंडलेलं पितळ कशाला? त्याने अॅल्युमिनियमचं, लाल रंगाचं, किल्लीने बंद होणारं नवं झाकण आणलं. त्याला दोन ओ-रिंग होत्या. बंद केलं की पाण्याचा थेंब आत जाणार नाही, पेट्रोलचा थेंब बाहेर येणार नाही.

तारेचं माप जाणार हे त्याच्या लक्षात आलं होतं. म्हणून त्याने टाकीत तरंगतं मापक बसवून पुढे बॅटरीवर चालणारा काटा लावला. जुनं झाकण बाकावर ठेवून दिलं.

मग त्याने प्रवाहाची चाचणी घेतली. पेट्रोल वजनाने उतरत असेल, तर पूर्ण ताकदीवर इंजिनाला लागेल त्याच्या दीडपट पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचलं पाहिजे, असा जाणत्यांचा दंडक आहे. इंजिनाला तासाला 20 लिटर लागतात असं धरलं, तर 30 लिटर आले पाहिजेत, म्हणजे मिनिटाला अर्धा लिटर. पुतण्याने विमानाचं नाक चढाईच्या वेळी असतं तितकं वर केलं, शेपटाखालची जमीन खणून. कार्ब्युरेटरजवळ नळी सोडवली, खाली मापाचं भांडं ठेवलं, वरून नरसाळ्याने पेट्रोल ओतलं आणि घड्याळ लावलं. मिनिटाला जवळजवळ एक लिटर आलं. इंजिनही दहा मिनिटं हळू चालवून पाहिलं. कुरकुर नाही. त्याने सगळं वहीत नीट लिहिलं आणि काकाला बोलावलं.

काकाने विमानाभोवती फेरी मारली, सांधे चाचपले, काटा पाहिला, लाल झाकणावरून हात फिरवला. "काम सुरेख झालंय," तो म्हणाला. मग वही वाचली आणि विचारलं, "प्रवाह मोजलास तेव्हा झाकण कुठे होतं?"

"बाकावर. टाकीत नरसाळं होतं ना."

"उडताना तिथे नरसाळं असणार आहे का?"

"नाही."

"मग पुन्हा मोज. विमान जसं उडणार आहे, तसंच ठेवून मोज."

पुतण्याला ते उगाचचं वाटलं, पण काकाचा शब्द त्याने मोडला नाही. टाकी अर्धी भरली होती. त्याने लाल झाकण लावलं, किल्ली फिरवली आणि खाली नळी सोडवली. पहिल्या मिनिटात धार जोरात आली. दुसऱ्या मिनिटात बारीक झाली. तिसऱ्या मिनिटात थेंब पडू लागले आणि मग थेंबही थांबले. वर टाकीचा पत्रा टक्कन वाजला. पुतण्याने पाहिलं, तर पत्रा आत ओढला गेला होता.

"टाकीत पेट्रोल आहे," तो गोंधळून म्हणाला. "नळी नवी आहे. गाळणी स्वच्छ आहे."

"झाकण उघड."

त्याने किल्ली फिरवताच आत हवा शिरल्याचा आवाज झाला, पत्रा जागेवर आला आणि खाली धार पुन्हा सुरू झाली.

काकाने फळीवरचा इंजिन ऑइलचा डबा खाली घेतला. डब्याला वरच्या बाजूला समोरासमोर दोन भोकं होती. "एका भोकातून तेल येतं. मग दुसरं कशाला पाडलं?"

"आत हवा जायला."

"तुझ्या टाकीचं दुसरं भोक कुठे आहे?"

पुतण्याची नजर बाकावरच्या पितळी झाकणाकडे गेली, त्याच्या कडेच्या वाकड्या नळीकडे. पेट्रोल जितकं खाली उतरेल तितकी हवा त्या नळीतून टाकीत यायची. तिचं तोंड पुढे वळवलेलं होतं, म्हणून उडताना समोरचा वारा उलट हवा आत ढकलायचा. ते तोंड मागे असतं, तर वाऱ्याने टाकीतली हवा शोषून घेतली असती.

"पण मग इंजिन दहा मिनिटं कसं चाललं?" त्याने विचारलं आणि उत्तरही त्यालाच सुचलं. "टाकी तेव्हा जवळजवळ रिकामी होती. आत हवा भरपूर होती. थोडं पेट्रोल गेलं तर तिला फरक पडला नाही. हळू चालताना इंजिनाला लागतंही थोडंच."

"आणि टाकी काठोकाठ भरली असती तर?"

"आत हवा जेमतेम. पेट्रोल थोडंसं उतरलं की प्रवाह बंद." पुतण्या गप्प झाला. लांबच्या उड्डाणासाठी टाकी भरून घ्यायची, पूर्ण ताकद लावायची, धावपट्टी सोडायची आणि समोरची झाडं जवळ यायला लागली की इंजिन बंद पडायचं, हे सगळं त्याने मनात मांडून पाहिलं. टाकी जितकी जास्त भरलेली, तितकं इंजिन लवकर बंद पडणार होतं.

"म्हणजे जुनंच झाकण बरं होतं," तो म्हणाला.

"जुन्या झाकणाने टाकीत पेलाभर पाणी घातलं. त्याला बरं कसं म्हणायचं?" काका म्हणाला. "तुझं झाकण पाणी अडवायला चांगलंच आहे. पण जुनं झाकण तीन कामं करत होतं. पाऊस अडवायचं, माप सांगायचं, हवा आत घ्यायचं. तू दोन मोजलीस, कारण ती डोळ्यांना दिसत होती. तिसरं मुकाट्याने चालू होतं."

पुतण्याने मान खाली घातली. "परवानगी घ्यावी लागली असती, तर कुणीतरी मला हे विचारलं असतं."

"कारखान्याच्या विमानाला मंजूर झाकणच लावावं लागतं. तिथे हा विचार दुसऱ्या कुणीतरी करून ठेवलेला असतो. आपलं विमान आपण बांधलेलं आहे, झाकण बदलायला कुणाचा शिक्का लागत नाही. म्हणून कारखान्याच्या माणसाने विचारले असते ते प्रश्न आपणच आपल्याला विचारायचे."

त्यानंतर पुतण्याने लाल झाकण ठेवलं, पण टाकीच्या सर्वांत उंच जागी वेगळी हवानळी बसवली. ती विमानाच्या अंगाबाहेर काढून तिचं तोंड वाऱ्याकडे वळवलं. तोंडावर बारीक जाळी लावली, कारण अशा नळ्यांत कुंभारीण माशी चिखलाचं घर बांधते आणि वाट बुजवून टाकते. मग टाकी काठोकाठ भरली, झाकण किल्लीने बंद केलं, नाक वर केलं आणि मिनिटामागून मिनिट प्रवाह मोजला. धार अखेरपर्यंत सारखी राहिली.

काकाने वही मागून घेतली. उड्डाणापूर्वीच्या तपासणीच्या यादीत तळाची तोटी होती, झाकण होतं. त्याने पुतण्याला तिसरी ओळ लिहायला लावली : हवानळीचं तोंड मोकळं आहे का ते पाहणे. "नवी सोय केलीस, तर तिची नवी काळजीही आता तुझीच," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्या भागातल्या आणखी एका विमानमालकाने पुतण्याला विचारलं, "माझ्याही टाकीला असं झाकण बसवशील?"

"बसवेन," पुतण्या म्हणाला. "पण आधी तुमचं जुनं झाकण मला उलटसुलट करून पाहू द्या."

तात्पर्य : एखादी वस्तू बदलण्याआधी ती कोणकोणती कामं करते, ते सगळं मोजून घ्यावं. आणि बदलल्यावर तिची परीक्षा, ती जशी वापरली जाणार आहे तशीच घ्यावी.