बरा न होणाऱ्याची सेवा आणि आपला धम्म



कन्नड तालुक्यातील पिशोरसारख्या गावात कर्करोगाचे माणूस शहरातील रुग्णालयातून परत येते, तेव्हा पुष्कळदा 'आता घरी न्या' एवढेच शब्द सोबत असतात. औषधोपचार संपलेले असतात, माणूस संपलेले नसते. पुढचे दिवस बाजेवर काढायचे. जखम कोणी धुवायची? हगणे-मुतणे कोणी काढायचे? रात्रभर कण्हणाऱ्याच्या उशाशी कोणी बसायचे? या कामाचे आज एक शास्त्र झाले आहे. त्यास पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. रोग हटत नसेल तरी वेदना हटविणे, हा त्याचा हेतू.

यावर आपल्यातील एखादा स्वाभिमानी तरुण विचारील : "मेलेली जनावरे ओढणे, मयताचा सांगावा परगावी नेणे, सरणाची लाकडे वाहणे ही कामे आमच्या बापजाद्यांच्या माथी होती. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले, ते ही गुलामी मोडण्यासाठीच. आता पुन्हा आम्हीच घाणीत हात घालावयाचा काय?"

हा प्रश्न रास्त आहे. तो टाळून सेवेचा उपदेश करणे म्हणजे ढोंग होय.

उत्तरासाठी विनयपिटकातील महावग्गाकडे वळू या. अतिसाराने पीडित एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने धुतले, आणि दोघांनी त्याला उचलून मंचकावर निजविले. नंतर त्यांनी संघाला जाब विचारला. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तथागतांच्या रुग्णसेवेला मुद्दाम स्थान दिले. शाक्य कुळातला पुरुष मळ धुतो, तेव्हा काम हीन ठरत नाही. ते जन्मावरून एकाच्या माथी मारणारी व्यवस्था हीन ठरते. म्हणून सक्तीचे काम नाकारणे आणि करुणेने तेच काम स्वीकारणे यांत विरोध नाही. दोन्हींच्या मुळाशी माणसाची प्रतिष्ठाच आहे.

"पण जो वाचणारच नाही, त्याच्यावर श्रम का खर्चावे?" असेही विचारले जाते. अंगुत्तर निकायात तीन प्रकारचे रोगी सांगितले आहेत : उपचार मिळोत वा न मिळोत, बरा होणारा, काहीही केले तरी बरा न होणारा, आणि उपचारानेच बरा होणारा. औषधाचे विधान या तिसऱ्यासाठी आहे, परंतु त्याच्यामुळे उरलेल्या दोघांचीही सेवा करावयाची, असा तेथे निर्वाळा आहे. सेवेचा हक्क उपयुक्ततेवर अवलंबून नाही.

आपल्याच तालुक्यातील पितळखोऱ्याच्या लेण्यांत मगिल नावाच्या राजवैद्याच्या दानाचे ब्राह्मी लेख आहेत. वैद्यक आणि धम्म यांची सोबत या डोंगरांना नवी नाही.

या शास्त्राची उभारणी कशी झाली तेही पाहा. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, पुढे डॉक्टर झाल्या. त्यांनी मरणासन्नांचे बोलणे ऐकून नोंदी ठेवल्या, आणि वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी मॉर्फिन दिल्यास रोगी शांत आणि सावध राहतो हे दाखवून दिले. 1967 साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, 1986 साली मुंबईत वांद्र्याला सुरू झाले. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फिन मिळणे फार कठीण करून ठेवले होते. 2014 च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी मोकळी झाली.

मॉर्फिनने पाचवे शील मोडते काय? ते शील प्रमादाला कारण होणाऱ्या मादक पदार्थांविषयी आहे. असह्य कळांनी ज्याचे चित्त ठिकाणावर नाही, त्याला डॉक्टराच्या मात्रेने ते परत मिळत असेल, तर शील मोडले कोठे? आणि 'पूर्वजन्मीचे भोग आहेत, भोगू द्या' म्हणणाऱ्यांना सांगा की, प्रत्येक वेदना पूर्वकर्माचेच फळ आहे हे मत तथागतांनी सीवकाला खोडून दाखविले होते. पित्त, कफ, वात, ऋतुबदल हीही कारणे त्यांनी सांगितली.

मात्र करुणेच्या नावाखाली नवी वेठ नको. घरोघरी जाणारी आशा, वॉर्डातील आया, सफाई कामगार यांना पुरेसा पगार आणि शिक्षण हवे. संशोधकांनी डॉक्टरांना विचारतात तसे त्यांनाही विचारावे, कारण रोग्याची रात्र त्यांना ठाऊक असते. मरणाऱ्यालाही प्रश्न विचारताना 'नको' म्हणण्याचा त्याचा हक्क राखला पाहिजे. तो पुढच्यांच्या ज्ञानासाठी आपले थोडके दिवस देत असतो, हे दानच आहे.

महावग्गात चांगल्या शुश्रूषकाचे जे गुण दिले आहेत, त्यांत मळाची किळस नसणे आणि लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे हे दोन आहेत. दुसऱ्या जातीच्या माणसाची घाण धुवायची वेळ येते तेव्हा सवर्णाच्या अस्पृश्यतेची परीक्षा होते, आणि आपल्या धम्माचीही. आपल्या विहारात वंदनेला जमणाऱ्या दहा घरांनी पाळ्या लावल्या, तर गावातील एकाही बाजेवरचे माणूस एकटे मरणार नाही. मग ते घर कोणत्याही वस्तीतले असो.