जड चाप

निपाणी भागात उसाच्या मळ्यात वस्ती करून राहणाऱ्या एखाद्याकडे परवान्याचं हत्यार असतं. बहुधा बाराबोरची बंदूक, रिव्हॉल्वर क्वचित. जुनं असलं तर वेब्ली, नाहीतर त्याच वळणाचं, कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .32 बोअरचं. मालकाची तक्रार ठरलेली : चाप जड झालाय.

जड चापाची एवढी काळजी नको. काळजी करावी ती चाप हलका झाल्यावर. जड चाप माणसाला विचार बदलायला क्षणभर देतो. कानस मारणारा तेवढाच क्षण घासून टाकतो.

बिघाड शोधायचा तर आधी रिव्हॉल्वर रिकामं. चक्रीतली सहाही घरं डोळ्यांनी बघायची, बोटानं चाचपायची. ‘रिकामंच आहे’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, तो सांगणारा आपण स्वतः असलो तरी.

मग चाप सावकाश ओढावा. दर फेरीला त्याच एका घरावर अडतो? दोष चक्रीत. सहाही घरांवर सारखाच अडतो? दोष आत.

आत मोडलेल्या भागापेक्षा सुकलेलं तेल जास्त सापडतं. 10 मे 2023 ला विधानसभेचं मतदान, 7 मे 2024 ला लोकसभेचं. अशा वेळी हत्यारं ठाण्यात जमा होतात. परत आली की तशीच कपाटात, आतलं तेल सुकत. कुणी वर हाताशी असलेलं खोबरेल चोळतो, थंडीत ते थिजतं, आणि दोष मात्र कारखान्याला.

वेब्लीत एकच दुमडलेली कमान दोन कामं करते. घोडा पुढे फेकते, चाप जागेवर आणते. सोडलेला चाप रेंगाळत परतला, तर तेलानंतर संशय हिच्यावर.

काडतूस फुटलं नाही की बोल चापालाच. नळी निर्धोक दिशेला धरून निदान अर्धं मिनिट थांबावं. उशिरा फुटणारी काडतुसंही असतात. मग बुडावरची खूण पाहावी. खोल असेल तर दोष काडतुसाचा. उथळ असेल तर बहुधा कमान थकली.

निपाणीहून कोल्हापूर 40 किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. पण परवान्यावर क्षेत्र कर्नाटकापुरतं असेल, तर कोगनोळी नाक्यापलीकडे तेच रिव्हॉल्वर बेकायदा. सीमाप्रश्न असा खिशापर्यंत येतो.

याच प्रश्नावरून 17 जानेवारी 1956 ला बेळगावात गोळीबार झाला. सीमाभागातला हुतात्मा दिन त्याचाच. 1981 मध्ये निपाणीत तंबाखूला भाव मागणारे शेतकरी पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. त्या बंदुकांत कसलाही बिघाड नव्हता. चाप ओढणाऱ्याचा दोष शोधायला कारागीर मिळत नाही, चौकशी आयोग मिळतो.

म्हणून इतकंच : पाहावं, कारण ओळखावं, पण पेचकस हाती घेऊ नये. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार विनापरवाना हत्यार दुरुस्त करणं हाही गुन्हाच. आणि ज्यांच्या नावावर परवाना होता ते आजोबा गेले असतील, तर चाप कसा आहे हे बघतही बसू नका. ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे हत्यार जमा करा. वारसाच्या परवान्याचा अर्ज त्यानंतर.