नागमोडी रेघ

खोटे बोलू नये, असे मी गेली वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहून मनसोक्त खोटे बोलत आलो आहे. या दोन उद्योगांत मला कधी विसंगती वाटली नाही. कादंबरीच्या मुखपृष्ठावर ‘कादंबरी’ असे स्वच्छ छापलेले असते. वाचक जाणूनबुजून फसतो आणि वर पैसे मोजतो. परंतु गेल्या वर्षी एका मोटारीच्या सायलेन्सरने मला असे पेचात धरले, की माझी ही सोयीची समजूत पुन्हा एकदा तपासून पाहावी लागली.

मोटार माझी नव्हे. शाळामास्तराची स्पोर्ट्स कार कादंबरीतसुद्धा खपायची नाही! ती आमच्या शेजारच्या अण्णांची. १९५२ सालची एम.जी. टी.डी.; दोन माणसांपुरती, उघड्या टपाची, इंग्लंडातल्या अ‍ॅबिंग्डन गावी तयार झालेली. इंजिन अवघे साडेबाराशे सी.सी.चे, हल्लीची कोणतीही साधी गाडी तिला चढावर सहज मागे टाकील. पण ती अण्णांच्या वडिलांची गाडी. सदाशिव पेठेतला वाडा पाडून इमारत उभी राहायची ठरली, तेव्हा अण्णांनी स्वतःच्या खोल्यांची चौकशी नंतर केली, आधी गाडीची जागा मागून घेतली.

एके दिवशी टिळक रस्त्यावर तिचा गंजून चाळण झालेला सायलेन्सर निखळून पडला आणि भर ज्येष्ठात लोकांना दिवाळीच्या पहाटेची आठवण झाली.

नवा सायलेन्सर विलायतेहून मागवता येतो. जुन्या नमुन्यावरून तो आजही बनवून विकतात. पण किंमत, वाहतूक आणि जकात यांची बेरीज अण्णांच्या पेन्शनीत बसेना. तेव्हा नाना पेठेतल्या मेस्त्रींनी जुन्या बाजारातून अँबॅसॅडरचा एक सायलेन्सर शोधून आणला. नाते अगदीच परके नव्हते. एम.जी. म्हणजे ‘मॉरिस गॅरेजेस’ आणि २०१४ साली जिचे उत्पादन थांबले ती आपली अँबॅसॅडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डचाच हिंदुस्थानी अवतार. भाऊबंदच म्हणायचे! पण भाऊबंदांचे एकमेकांशी किती जुळते, हे पुणेकराला सांगायला नको.

नळीचा घेर वेगळा, लांबी वेगळी, वळण तर भलतीकडेच. मेस्त्रींनी नळी कापली, दोन घेरांच्या मध्ये जोडनळी घालून वेल्डिंग केले आणि सारे प्रकरण लोखंडी पट्टीने चौकटीला घट्ट आवळून टाकले. आठव्या दिवशी सांध्याजवळ तडा गेला. मेस्त्री म्हणाले, ‘‘चूक माझीच. इंजिन रबरावर बसलेलं असतं, चालू झालं की हलतं. सायलेन्सरला हलायला जागाच ठेवली नाही, मग नळी तुटणारच.’’ दुसऱ्या खेपेस त्यांनी जुन्या टायरच्या पट्ट्यांवर तो लोंबता ठेवला. पोटातली हवा निराळ्या वेगाने बाहेर पडू लागली, म्हणून दोन्ही कार्ब्युरेटरांतले पेट्रोल-हवेचे प्रमाणही नव्याने जुळवावे लागले. एक परका भाग आत घ्यायचा, तर घरच्यांनाही थोडे बदलावे लागते. गाडी चालू लागली. आवाज मात्र पूर्वीचा राहिला नाही. तिचा घसा बसल्यासारखा वाटे.

इथवर सारे ठीक होते. पुढे जुन्या मोटारींचा एक मेळावा ठरला. अण्णा प्रवेशाचा कागद घेऊन माझ्याकडे आले. ‘‘मास्तर, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्ही भरा.’’ त्या कागदात एक रकाना होता : गाडीचे सर्व भाग मूळचे आहेत काय?

अण्णा काहीच बोलले नाहीत. मेस्त्री सकाळीच त्यांना सांगून गेले होते, ‘‘वरून जुन्या सायलेन्सरचा पत्रा गुंडाळतो आणि काळा रंग मारतो. बापसुद्धा ओळखणार नाही!’’

मी पेन्सिलीने ‘होय’ लिहिले. वर अण्णांना तत्त्वज्ञानही ऐकवले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात होऊन गेलेल्या मिलिंद या ग्रीक राजाला नागसेन भिक्षूने विचारले होते, की तू रथातून आलास ना, मग रथ कोणता ते दाखव. आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागले. भाग एकत्र आले की त्यांना रथ म्हणायचे, इतकेच. ‘‘तेव्हा अण्णा,’’ मी म्हणालो, ‘‘मूळचे असे काही नसतेच. विलायतेहून नवा सायलेन्सर आणला असता, तर तो तरी कुठे वडिलांच्या वेळचा होता?’’

युक्तिवाद बिनतोड होता. मात्र बिनतोड युक्तिवाद अगदी गरजेच्या क्षणी धावत आला, की त्याचा संशय घ्यावा, असे मला त्या रात्री अंथरुणात वाटू लागले. नागसेनाने ‘माझे, माझे’ ही मूठ सैल करण्यासाठी रथ मोडून दाखवला होता. मी तोच रथ मूठ अधिक घट्ट करण्यासाठी वापरत होतो. आणि ‘मूळचे काही नसतेच’ हे खरे असेल, तर प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे होते, ‘होय’ नव्हे!

शिवाय, या खोट्याने फसणार कोण? परीक्षक घटकाभर फसतील, त्याचे फारसे काही नाही. खरा फसेल तो पुढचा दुरुस्ती करणारा. पन्नास वर्षांनी कोणी ही गाडी उघडील, रंगवलेला सायलेन्सर मूळचा समजेल आणि त्याच्याच मापाने दुसरा घडवील. मग आमची तात्पुरती तडजोड हाच नमुना होऊन बसेल.

हा प्रश्न आमच्या गावात फार मोठ्या प्रमाणावर येऊन गेलेला आहे. भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. १२५९ हस्तलिखिते तिथे वापरली गेली. शतकानुशतके नकलकारांनी मधूनमधून आपले श्लोक घातलेले आणि ते कुठे घातले याची खूण न ठेवलेली. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यामागून आलेल्या संपादकांनी काय केले? मागाहून आलेला मजकूर फेकून दिला नाही. तो तळटीपांत आणि परिशिष्टांत वेगळा नोंदवला. आणि जिथे पाठाची खात्री पटेना, तिथे शब्दाखाली एक नागमोडी रेघ ओढली. त्या रेघेने ग्रंथाला कमीपणा आला नाही. उलट जिथे रेघ नाही, तिथे आपण अधिक विश्वासाने पाऊल ठेवतो.

सकाळी मी अण्णांकडे गेलो. त्यांनी मला बोलूच दिले नाही. ‘‘मास्तर, तो ‘होय’ खोडा. मेस्त्री म्हणाला बापसुद्धा ओळखणार नाही. पण माझा बाप आवाजावरून ओळखायचा हो, गाडी कोपऱ्यावर असतानाच!’’ मी रात्रभर नागसेन आणि सुकथनकर यांना वेठीस धरून जिथे पोहोचलो होतो, तिथे हा मनुष्य वडिलांच्या कानाच्या आधाराने केव्हाच जाऊन बसला होता.

‘होय’ खोडून मी शाईने ‘नाही’ लिहिले. खाली टीप दिली : सायलेन्सर अँबॅसॅडरचा, जोडनळी नाना पेठेत केलेली. आणि त्या टीपेखाली, अण्णांचे लक्ष नाहीसे पाहून, एक नागमोडी रेघ ओढली.

बक्षीस मिळाले नाही. मेळाव्यात एका मुलाने विचारले, ‘‘आजोबा, हिचा आवाज असा का येतो?’’ अण्णा आनंदाने गुडघ्यावर बसले आणि त्याला खाली वाकवून सांधा दाखवू लागले. मेस्त्री शेजारीच उभे होते. हळूच मला म्हणाले, ‘‘बरं झालं रंग नाही मारला. साधा रंग तापल्या नळीवर टिकतो कुठं? चार दिवसांत जळून जातो.’’